बाबांचा भाला

माझा हात भाल्याकडे गेला तेव्हा आल्बर्ट अजून शाळेच्या हॉलमध्ये आलाच नव्हता. हे मी गेले कित्येक दिवस स्वतःला सांगतोय. दाढी करताना सांगतो, ऑफिसात टेबलावरच्या उभ्या खिळ्यात व्हाउचरं खोचताना सांगतो. तो आला नंतर. दारात चपला काढल्या, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या भाल्याकडे पाहिलं, आणि बाकावर बसायच्या आधीच म्हणाला, "फादर, ख्रिस्ताचं काम मी करतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात खारट पाणी आलं. तशी खारट चव हल्ली कायमच असते, आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा प्यायला की ती दिवसभर जिभेवर बसून राहते. पण त्या संध्याकाळी ती घशाशी आली. माझा धाकटा सख्खा भाऊ क्रुसावर चढणार, त्याच्या कुशीत भाला मी घालणार, आणि गाव ते बघायला चटया घेऊन येणार. कोणालाच यात काही वावगं दिसलं नाही. उलट मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "वा, घरातल्या घरात झालं." त्यावर लोक हसले. मी पण हसलो, आणि त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

आमच्या गावात झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी चर्चसमोरच्या मैदानात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा खेळ होतो. होत असे म्हणायला हवं, कारण बाबा गेले तेव्हापासून तो बंद पडला होता. जुन्या माणसांची त्यात एक रीत होती. हत्यारं घराघरांत असत, आणि ज्या घरात जे हत्यार त्या घराला ते सोंग. पेत्राची तलवार एका घरात, आसूड दुसऱ्या घरात, हातोडा आणि खिळे सुतारांकडे, आणि भाला आमच्याकडे. बापानंतर मुलगा. तुला काय व्हायचंय असं कोणी कोणाला विचारत नसे. आसूडवाल्यांच्या घरातला म्हातारा इतका गरीब स्वभावाचा होता की कोंबडी कापायची झाली तरी शेजाऱ्याला हाक मारायचा, पण झावळ्यांच्या रविवारी त्याला आसूड ओढावाच लागे. तो ओढायचाही, आणि मग रात्री जेवत नसे. यंदा नव्या फादरांनी खेळ पुन्हा सुरू करायचं ठरवलं, पण त्यांना ही रीत जुनाट वाटली. नुकतेच सेमिनरीतून आलेले, गिटार वाजवणारे, स्वभावानं चांगले. त्यांनी घरोघर फिरून सगळी हत्यारं गोळा केली, हॉलमधल्या लांब बाकावर मांडली आणि सांगितलं, "ज्यानं त्यानं आपापलं पात्र निवडा. पात्राचा विचार करा, त्याचं मन कसं असेल ते बघा. हत्यार काय, ते मागाहून येईल."

मागाहून कसलं येतंय. वाक्य पुरं व्हायच्या आत गाव बाकावर तुटून पडलं. रॉबर्ट, बँकेत कॅशियर, चष्मा नाकावरून घसरणारा माणूस, त्यानं तलवार उचलली आणि मग विचारलं, "ही कोनाची?" फादर म्हणाले, "पेत्राची." "मग मी पेत्र." फादरांनी त्याला समजावलं की पेत्र एकाचा कान कापतो खरा, पण पुढे पळून जातो, मग शेकोटीपाशी एका मोलकरणीसमोर घाबरून येशूला ओळखत नाही म्हणतो, आणि शेवटी ढसाढसा रडतो. रॉबर्टनं तलवार खाली ठेवली नाही. "रडायचं पन हाय?" "हो." "आनि तलवार कितीदा काढायची?" "एकदाच." रॉबर्टनं जरा विचार केला आणि म्हणाला, "चालंल." आसुडासाठी तिघांची ओढाताण झाली. ढाली, भाले, सोटे घेऊन शिपाई इतके झाले की रोमन साम्राज्य आमच्या गावातूनच सुरू झालं असावं. शिष्य व्हायला मात्र माणूस मिळेना. वाटेत ख्रिस्ताचा क्रूस उचलायला मदत करणारा तो सिमोन, त्याला तर कोणी विचारेना. "त्याच्या हातात काय असतं?" असं एकानं विचारलं. "क्रूस," फादर म्हणाले. "म्हंजे कायच नाय." शेवटी फादरांनी शिष्यांना हातात काठ्या द्यायचं कबूल केलं तेव्हा कुठे बारा भरले. मला या माणसांचा वीट आला. शिकलेसवरलेले, रविवारी कोट घालून मिस्साला जाणारे, कोणी मास्तर, कोणी हेडक्लार्क. आधी हत्यार उचलतात आणि मग त्याला शोभेल असा माणूस अंगावर घेतात. आणि मी त्यांच्यातच उभा होतो, हातात भाला धरून. मी तरी काय केलं होतं? त्या शिपायाचं मन कसं असेल याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. मला फक्त तो दांडा हवा होता.

पोफळीच्या लाकडाचा दांडा, बाबांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला. फाळ लोहारानं बैलगाडीच्या धावेचं लोखंड ठोकून केलेला. टोक बोथट, पण अगदीच बोथट नाही. रक्ताची पिशवी फुटायला हवी. मी लहान होतो तेव्हा बाबा डुकराच्या मूत्राशयाचा फुगा वाळवून त्यात कोकमाचं आगळ भरायचे. तो फुगा ख्रिस्ताच्या काखेखाली, डाव्या बाजूला, कातडीच्या रंगाच्या कापडाखाली बांधायचा. भाल्याचं टोक फुग्याला लागलं की नुसतं टेकवायचं आणि मनगट वळवायचं. जोर करायचा नाही. जोर केला की माणूस मरतो, मनगट वळवलं की रक्त येतं, असं बाबा म्हणत. ख्रिस्ताचं सोंग पीटरकाकाचं, बाबांच्या थोरल्या भावाचं. दोघांचं विहिरीवरून वाकडं होतं. रहाट एकाच विहिरीवर, पाळी कोणाची यावरून वर्षभर दोघे एकमेकांशी बोलत नसत; एकमेकांची नावंसुद्धा घेत नसत, 'तिकडचा' म्हणत. पण झावळ्यांच्या रविवारी काका क्रुसावर डोळे मिटून लटकायचा, बाबा खालून भाला आणायचे, आणि काकाची पापणी हलत नसे. टोक कुशीला लागायचं, आगळ वाहायचं, बायका ओरडायच्या, काकाचं पोट श्वासानंसुद्धा हलत नसे. खेळ संपला की बाबा त्याचे बांधलेले हात सोडायचे, आणि दोघे न बोलता वेगवेगळ्या वाटांनी घरी जायचे. बाबा जेवताना एकदा म्हणाले होते, "तिकडचा कसा पन असो, माझ्यासमोर मेल्यासारखा मरतो." हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं काकाचं एकमेव कौतुक.

मला भाला हातात मिळायचा नाही, म्हणून मी आणि आल्बर्ट केळीच्या बागेत खेळायचो. माझ्याकडे टोक काढलेली करवंदीची काठी. घड उतरवलेल्या केळीच्या खांबात ती घुसवली की च्यक असा ओला आवाज यायचा आणि मनगटापर्यंत एक गार सुख चढायचं. चिकाचे काळे डाग सदऱ्याला पडायचे ते कधी निघायचे नाहीत. आईनं त्यावरून किती मारलंय. मग खांबाचा कंटाळा आला की आल्बर्ट ख्रिस्त व्हायचा. कुडाला पाठ लावून, हात पसरून, सदऱ्याच्या आत काखेखाली पिकलेला टोमॅटो धरून. मी लांबून दबकत यायचो. तो डोळे मिटायचा, आणि काठी कुशीला लागली की खुदकन हसायचा. त्याला गुदगुल्या व्हायच्या. टोमॅटो फुटून सदरा लाल, आणि हा हसून हसून खाली बसलेला. बाबांनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाले, "अरे, मेलेला हसत नाय." आल्बर्ट म्हणाला, "दादा हाय ना तो, हसू येते." बाबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मला ती टपली अजून दिसते. तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता त्याच बरगड्यांवर चरबीची वळी आहे, पाण्याच्या पैशांची. मला त्याच्या पोटाची किळस येते. भावाच्या पोटाची किळस येणं ही काही चांगली गोष्ट नाही, पण येते त्याला मी काय करू.

कारण काका निपुत्रिक गेला आणि ती विहीर आता आमच्या दोघांची आहे. घर वाटून झालं, वाडी वाटून झाली, मधे भिंत आली, चुली दोन झाल्या, आई माझ्याकडे राहिली. विहीर तेवढी वाटता येत नव्हती. बाबा आणि काका पाळीवरून भांडले, पण दोघांनी पाणी आपल्या वाडीलाच दिलं, पानवेलीला, केळीला. आल्बर्टनं इंजिन बसवलं आणि पाणी टँकरला दिलं. आचोळ्याला, स्टेशनच्या बाजूला चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगी उठताहेत, तिथल्या नळाला पाणी नाही, तिथे आमची विहीर जाते. पहाटेपासून टँकर येतात. काळा पाइप विहिरीत सोडतात, इंजिन थडथडतं, आणि डिझेलचा वास उशीला, चादरीला, पावाला लागतो. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी पानवेलीच्या कडा करपल्या. मग एका सकाळी मार्थानं, माझ्या बायकोनं, चहा केला आणि मी तोंडातला घोट अंगणात थुंकला. विहीर आटून आटून तिला खाडीचं पाणी लागलं होतं. मी आल्बर्टला सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच उपसतात, दादा. मी एकटा थांबलो तर काय समुद्र मागे जानार?" हे खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त चीड आली. आई म्हणाली, "पान्यात काठी मारून पानी तुटत नाय, तुमी भाव हायत." मी म्हटलं, आई, पाणी तुटत नाही, पण नासतं.

आणि मग तो कोयत्याचा दिवस. मी घड उतरवायला वाडीत गेलो होतो, कोयता हातातच होता. टँकर उभा, पाइप विहिरीत, इंजिन चालू, आणि आल्बर्ट काठावर बसून पेपर वाचत होता. मी वाकलो आणि पाइप कापला. एका घावात. पाणी उसळून दोघांच्या अंगावर आलं, आणि खरं सांगायचं तर तोच च्यक असा आवाज, तेच गार सुख मनगटापर्यंत. आल्बर्ट उठून उभा राहिला. मला वाटलं शिव्या देईल, अंगावर येईल, आणि आलाच तर बरं, एकदाचं होऊन जाईल. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो कोयत्याकडे बघत होता. माझा चेहरा त्याच्या समोर हातभर अंतरावर होता, आणि त्याची नजर खाली, कोयत्याच्या पात्यावर, जणू काही त्याला जे काय बोलायचंय ते त्या पात्याशीच बोलायचंय. मग तो दोन पावलं मागे सरला आणि घरात गेला. माझा इतका अपमान कधी कोणी केला नव्हता. मी काय खाटीक आहे? मी त्याला खांद्यावर घेऊन पाचूबंदरला होड्या दाखवायला नेलेला आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा पाइप आणला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. वर्ष झालं. माझ्या तोंडात त्याचं नाव येत नाही. परवा मार्थाशी बोलताना मी 'तिकडचा' म्हणालो आणि बाबांचा आवाज ऐकल्यासारखा दचकलो.

तर अशा माणसानं, मला भाला धरलेला पाहून, ख्रिस्त मागून घेतला. का? रोज खिळ्यात व्हाउचर खोचताना मी हा प्रश्न खोचत होतो. कधी वाटायचं, मिरवायला. गावाचं पाणी विकून झालं, आता गावासमोर देव व्हायचंय. या विचारानं बरं वाटायचं, कारण मग त्याचा नुसता तिरस्कार करता यायचा. कधी वाटायचं, मला गावासमोर उघडं पाडायला. बघा, माझ्या भावाच्या हातात काय शोभतं ते. आणि एखाद्या वेळी, फार क्वचित, ऑफिसातून परतताना वाडीच्या वाटेवर, असं वाटायचं की त्याला पीटरकाका आठवला असेल. वर्षभर न बोलता एक दिवस डोळे मिटून समोर लटकायचं, की बघ, अजून एवढा तरी विश्वास आहे. हा विचार आला की माझे पाय हळू पडायचे. पण घराजवळ आलं की इंजिनाची थडथड ऐकू यायची आणि तो विचार डिझेलमध्ये विरून जायचा.

तालमींना तो यायचा, क्रूस उचलायचा, पडायचा, उठायचा, आसूड खायचा. आवाज चांगला आहे त्याचा, बाबांवर गेलेला. फक्त भाल्याच्या प्रसंगाची वेळ आली की त्याला काम निघायचं. टँकर आलाय. विनीला, त्याच्या बायकोला, बरं नाही. फादर म्हणायचे, "निकोलस, तू नुसत्या खांबावर कर." मी नुसत्या लाकडी खांबावर करायचो, हवेत टोक टेकवायचो, मनगट वळवायचो, आणि आसपासचे शिपाई आपापल्या ढाली वाजवत हसायचे. रॉबर्ट म्हणाला, "आमचा पेत्र बघ, बसून रडतोय. तुमचं बरं, एक झटका आनि काम खलास." त्याला तलवारीचा पश्चात्ताप झाला होता; कान कापायचा प्रसंग पापणी लवेपर्यंत संपायचा आणि नंतर उरलेला सगळा वेळ रडण्यात जायचा. हत्यार हवं होतं त्याला, माणूस गळ्यात पडला. मला त्याची कीव आली, आणि लगेच स्वतःची. त्या रात्री मी भाल्याचं टोक कानशीवर घासून आणखी बोथट केलं. मग वाटलं, इतकं बोथट केलं तर पिशवी फुटणार नाही, आणि पुन्हा थोडं घासून धार काढली. मग हातातला भाला तसाच धरून बसलो, आणि आपण नेमकं काय करतोय हे मला कळेना. आई दारातून बघत होती. म्हणाली, "झोप की रे." मी म्हटलं, "टोक नीट करतोय."

रविवारी सकाळी झावळ्या आशीर्वादित झाल्या, लोकांनी त्या घरोघर नेल्या. दुपारी आईनं आगळ भरलं. आता डुकराचा फुगा कोण वाळवतोय. प्लॅस्टिकची पातळ पिशवी, दोऱ्यानं गच्च बांधलेली. तिनं ती पिशवी तळहातावर ठेवून हलवून पाहिली आणि भिंतीपलीकडे आल्बर्टकडे गेली. स्वतःच्या हातानं त्याच्या काखेखाली बांधायला. मी माझ्या खोलीत पुठ्ठ्याचं चिलखत चढवत होतो, त्याला लावलेल्या चंदेरी रंगाचा वास डोक्यात जात होता. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग आल्बर्टचा. ती परतली तेव्हा तिनं मला बाहेर पडायच्या आधी थांबवलं आणि माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रुसाची खूण केली, लहानपणी शाळेत जाताना करायची तशी. तिचा अंगठा आगळानं चिकट होता. मी तो पुसला नाही.

मैदान भरलं होतं. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या, लाउडस्पीकर होता, बायका मुलांना गप्प करत होत्या. खेळ मी पाहिला नाही, पडद्यामागे उभा राहून नुसता ऐकला. आसुडाचे आवाज ऐकले, रॉबर्टचं रडणं ऐकलं. बिचारा खरंच रडला, बायकासुद्धा रडल्या, उद्या बँकेत कोणी थट्टा करणार नाही. मग खिळ्यांचे ठोके. मग आल्बर्टचा शेवटचा शब्द, आणि मान खाली पडली. माझी वेळ. मी भाला घेऊन निघालो. क्रुसाकडे जाताना मला पहिल्यांदा त्याचं अंग इतक्या जवळून दिसलं. छातीवरचे केस भादरले होते, तिथे लाल पुरळ उठलं होतं. तागाच्या दाढीला डिंकाचा वास येत होता, आणि त्याखाली घामाचा, आणि त्याही खाली, कितीही धुतलं तरी न जाणारा, डिझेलचा. कमरेच्या कापडावर ती वळी. मला पुन्हा किळस आली, पण तिच्या मागोमाग काहीतरी वेगळंही आलं. काखेखाली आईनं बांधलेली ती पिशवी, कापडाच्या गाठी तिच्याच हातच्या, आणि मला तो टोमॅटो आठवला. मी मनात म्हटलं, आल्बर्ट, बघ, बाबांसारखंच करतो. टेकवतो आणि मनगट वळवतो. तुला कळणारसुद्धा नाही. हे मी खरोखर म्हटलं. मला हे नक्की आठवतं, जगात दुसरं काही मी इतक्या खात्रीनं सांगू शकत नाही. टोक नेमकं पिशवीच्या रेषेत आणलं.

आणि मेलेल्यानं अंग चोरलं. आधी बरगड्या आत गेल्या, मग खांदा वळला, बांधलेल्या हातांच्या दोऱ्या करकरल्या, आणि सबंध धड उजवीकडे सरकलं, गोगलगाय शिंगं आत घेते तसं. डोळे मिटलेलेच होते. टोक हवेत राहिलं, त्याच्या कुशीपासून वीतभर. मी थांबलो. लोकांना वाटलं असेल, शिपाई गहिवरला. लाउडस्पीकर खरखरत होता. मी पुन्हा टोक पुढे केलं, अगदी हळू, दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवतात तितकं हळू, आणि तेव्हा त्या तागाच्या दाढीतून, ओठ न हलवता, आल्बर्ट म्हणाला, "दादा, नको." एवढंच. लाउडस्पीकरवर गेलं नाही, कोणी ऐकलं नाही. चाळीस वर्षांचा घोडा माणूस, टँकरवाल्यांना शिव्या देणारा, लहान मुलाच्या आवाजात. मला त्याचा राग आला नाही. नवल म्हणजे किळससुद्धा राहिली नाही. भरल्या मैदानात मी एकदम एकटा उभा होतो. तो काकासारखं करायलाच आला होता. डोळे मिटायलाच आला होता, ठरवून, माझ्या हातात भाला बघून. आणि शेवटच्या वीतभरात त्याला ते जमलं नव्हतं. कसं जमणार? त्यानं कोयता पाहिला होता. माझ्या तोंडाकडे तो कधी बघणार होता आता?

मी भाला खाली केला, जमिनीत रोवला, आणि गुडघे टेकून त्या शिपायाला म्हणायची असतात ती वाक्यं म्हटली, की हा माणूस खरोखर देवाचा होता वगैरे. रक्त काही आलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, फादरांनी घाईघाईनं गाणं सुरू करायला सांगितलं, आणि खेळ संपला. सगळे म्हणाले छान झाला. रॉबर्टनं माझ्या पाठीवर थाप मारून विचारलं, "टोक लागलं नाय काय रे?" मी म्हटलं, "अंदाज चुकला." हात सोडायला मी गेलो तोवर दुसऱ्याच शिपायांनी आल्बर्टला खाली उतरवलं होतं. तो विनीबरोबर पाठमोरा चालला होता, खांद्यावर टॉवेल टाकून.

घरी आलो तर आई चुलीपाशी होती. कट्ट्यावर ती पिशवी, आख्खी, दोरा तसाच गच्च. आल्बर्टनं येऊन बाहेरच्या ओट्यावर ठेवली होती म्हणाली, आत आला नाही. तिनं दोरा दातानं तोडला आणि सगळं आगळ बोंबलाच्या कालवणात ओतलं. "अगं, काय करतेस?" मी म्हणालो. "वाया कशाला घालवायचं," ती म्हणाली, "स्वच्छ हाय." कालवण लालभडक झालं. तिनं एका वाडग्यात काढून मार्थाबरोबर ते पलीकडे पाठवलं, आणि मला ताट वाढलं. मी भाला परत भिंतीवर लावायला उठलो तर ती म्हणाली, "तो दे मला," आणि माझ्या हातून घेऊन आपल्या खाटेखाली, भिंतीशी, पार आत सरकवला. मी पानावर बसलो. पहिला घास घेतला. आंबट, आणि त्यामागून ते खारटपण. "मीठ जास्त झालंय," मी म्हणालो. "मीठ मी घालीतच नाय हल्ली," आई म्हणाली, "पान्यातच हाय." तिनं माझ्याकडे बघितलं नाही, चुलीकडे बघत होती. मी ताट सारलं. हात धुवायला म्हणून मी पडवीत गेलो, आणि तांब्याकडे हात नेताना माझी नजर वर गेली. कोयता लटकवायचा खिळा रिकामा होता. खिळ्याखाली भिंतीवर पात्याच्या आकाराचा पांढरा डाग होता आणि त्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. आज काढलेला नव्हता तो, बरेच दिवस झाले होते. घड उतरवायला मी मार्थाच्या विळ्यानं जात होतो आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आई," मी तिथूनच विचारलं, "कोयता कुठाय?"

"हाय," ती आतून म्हणाली. "तू जेव."